वेझलेभोवतीच्या वाटा : टेकडी लहान, पण दिवस उलटा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही चुकीचं धरून चालले असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही दोघं आणि आईबाबा मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसहून बर्गंडीतल्या वेझले गावी तीन दिवस जाणार आहात. आई ६३ वर्षांच्या, बाबा ६७ वर्षांचे. गाडी नाही. चौघंही शाकाहारी, अंडं चालतं. तुमचा राजगड-तोरणा झालाय, आईबाबा रोज पर्वती चढतात. वेझलेची टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर आहे हे पाहून तुम्ही विचारलंत : एवढ्याशा टेकाडांसाठी वाटाड्या आणि नकाशा लागतो का, की सकाळी उठून बाहेर पडलं, फोनवर वाटा बघितल्या आणि चालायला लागलं तरी चालेल?

वाटाड्या लागणार नाही. नकाशा लागेल. आणि सकाळी उठून सहज बाहेर पडलात, तर तीनपैकी एक दिवस तरी वाईट जाईल. चढ अंगावर येतो म्हणून नव्हे, कारणं वेगळी आहेत.

मी चौदा वर्षं याच योन जिल्ह्यात राहते. पायी फिरणाऱ्यांच्या इथल्या एका क्लबात आहे, आणि गेली सात वर्षं वाटांवर खुणा रंगवण्याचं काम करते. रंगाचे डबे, ब्रश, फांद्या छाटायची कात्री पाठीवर टाकायची आणि नेमून दिलेला तुकडा चालून काढायचा. वाट कुठे चुकते आणि माणसं त्या फाट्यावर कशी उभी राहतात, हे या कामात फार जवळून दिसतं. सह्याद्रीत वाढलेल्या पाहुण्यांनाही मी या भागात बरंच फिरवलंय. त्यांची दमछाक कुठे होते ते आता मला पाठ झालंय.

सर्वात आधी या दिवसाचा आकार समजून घ्या. आपल्याकडे पायथ्याच्या गावातून निघायचं, सकाळच्या गारव्यात चढ काढायचा, माथ्यावर शिदोरी सोडायची आणि दुपारनंतर उतरायचं. वेझले हे गावच माथ्यावर आहे. क्यूर नदी खाली साधारण १५० मीटर उंचीवरून वाहते. म्हणजे इथली प्रत्येक फेरी उताराने सुरू होते आणि दिवसाच्या शेवटी, पाय भरून आल्यावर, ऊन तापलेलं असताना, शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये दीडशे मीटरचा चढ समोर उभा राहतो. राजगडाच्या मानाने तो काहीच नाही. पण बारा किलोमीटर चालून झाल्यावर ६७ वर्षांच्या गुडघ्यांना तो वेगळा वाटतो. त्यात सकाळचा उतार इतका सुखाचा असतो, की सगळे भराभर चालतात आणि दम तिथेच खर्च करून बसतात.

शिवाय ही जमीन लाटांसारखी आहे. एक टेकाड उतरलं की ओढा, ओढा ओलांडला की पुन्हा ऐंशी मीटर वर, मग पठारावरची शेती, मग पुन्हा खाली. नकाशात कुठेही डोंगर दिसत नाही, पण चौदा किलोमीटरच्या फेरीत या लाटांची बेरीज ३०० ते ४०० मीटर सहज होते. वेळेचा हिशेब मी असा करते : इथल्या पाट्यांवर लिहिलेला वेळ साधारण ताशी चार किलोमीटरच्या चालीने धरलेला असतो. आईबाबांसोबत तुम्ही ताशी तीन धरा. चौदा किलोमीटरला पावणेपाच तास. चढांचा म्हणून एक तास वेगळा. जेवण, फोटो, बूट काढून बसणं यांचा आणखी एक. म्हणजे पावणेसात तास. पाटीवर साडेतीन लिहिलेले असतील, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतील.

यावरून माझा पहिला सल्ला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मुक्काम शक्य असेल तर वेझलेत करू नका, टेकडीच्या पायथ्याशी सां-पेर गावात करा. मग दिवस सरळ होतो. वेझलेवर सकाळी ताज्या पायांनी चढायचं, बाकीच्या फेऱ्या खोऱ्यातूनच सुरू करून खोऱ्यातच संपवायच्या. वरच्या गावात राहण्याचं सुख मला ठाऊक आहे. संध्याकाळी बसगाड्या निघून गेल्या की बासिलिकेसमोरचा, म्हणजे गावच्या जुन्या मोठ्या चर्चसमोरचा चौक अगदी शांत होतो. त्यासाठी एक रात्र वर आणि दोन खाली, असंही करता येईल. पण ज्या दिवशी लांब पल्ला आहे, त्या दिवशी पाठ टेकायला खाली असा.

आता फाट्यांकडे येते. सह्याद्रीत वाट चुकली तर कडा, कातळ किंवा दाट जंगल आडवं येतं आणि काहीतरी बिनसलंय हे कळतं. इथे चुकीची वाटही बरोबर वाटेइतकीच सुंदर असते. दोन्ही बाजूंनी झुडपांची उंच कुंपणं असलेल्या, आपल्या पाणंदींसारख्या बैलगाडीच्या जुन्या वाटा सगळीकडे जातात. अर्धा तास तुम्ही आनंदाने चुकीच्या दिशेने चालता आणि एखाद्या शेताच्या फाटकापाशी वाट संपते. फोनवरच्या नेहमीच्या नकाशात ही प्रत्येक पाणंद दिसते. ती खाजगी आहे की सार्वजनिक, काट्यांनी बुजलीय की मोकळी आहे, हे मात्र तिथे दिसत नाही.

म्हणून खुणा वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. वर पांढरा आणि खाली लाल असे दोन आडवे पट्टे म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. फ्रान्समधली पहिली जीआर १९४७ मध्ये ऑर्लेआँजवळ आखली गेली. आज देशभर अशा खुणांच्या वाटा लाखाहून अधिक किलोमीटर आहेत, आणि त्या रंगवणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक आहेत. नुसता पिवळा पट्टा म्हणजे पीआर, एका दिवसाच्या आतली फेरी, बहुधा जिथून निघालात तिथेच आणून सोडणारी. तुमच्यासाठी पिवळा रंग महत्त्वाचा. लाल-पिवळा पट्टा दिसला तर ती एखाद्या प्रदेशाभोवतीची अनेक दिवसांची फेरी असते.

गडबड होते ती दोन रंग काही अंतर एकत्र चालून वेगळे होतात तिथे. वेझलेवरून जाणारी जीआर १३ ही फोंतेनब्लोपासून मोर्व्हाँचा डोंगराळ प्रदेश ओलांडून बुर्बों-लांसीपर्यंत जाते. तिच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची डोळ्यांना सवय झाली, की पिवळा पट्टा डावीकडे वळलेला कळत नाही. शिंपल्याचं चिन्हही जागोजागी दिसेल. ती स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण, वेझलेहून पिरेनीजच्या पायथ्यापर्यंतच सुमारे ९०० किलोमीटर नेणारी. पाठीवर शिंपला लटकवलेली माणसं भेटली की त्यांना जरूर 'बोंजूर' म्हणा. आपल्या वारीतल्या माणसांसारखीच तीही थांबून बोलतात. पण त्यांच्या मागोमाग जाऊ नका.

आम्ही खुणा करतो तेव्हा काय विचार करतो, ते सांगितलं तर वाचणं सोपं जाईल. सरळ वाटेवर आम्ही फारशा खुणा करत नाही. उगाच झाडं रंगवायची नसतात. फाटा आला की त्याआधी एक खूण, आणि योग्य फाट्यावर थोडं पुढे गेल्यावर खात्रीची दुसरी. वळायचं असेल तर पट्ट्यांखाली वळलेला बाण. आणि ज्या वाटेला जायचं नाही, तिच्या तोंडाशी फुली. फुली दिसली म्हणजे वाट बंद आहे असं नाही, तुमची वाट ती नव्हे एवढाच त्याचा अर्थ. या पद्धतीतून एक नियम निघतो आणि तो मी सोबतच्या प्रत्येकाकडून म्हणवून घेते : फाट्यानंतर दोनशे-तीनशे पावलांत खात्रीची खूण दिसली नाही, तर पुढे शोधत जायचं नाही. शेवटच्या दिसलेल्या खुणेपर्यंत मागे यायचं आणि तिथून पुन्हा बघायचं.

हा नियम मी एका नोव्हेंबरात शिकले. दक्षिणेकडच्या प्येर-पेर्त्युई गावाजवळच्या रानात लाकूडतोड झाली होती. ज्या ओकवर खूण होती तोच ओक तोडून नेला होता. समोर ट्रॅक्टरची रुंद ताजी वाट, आणि खरी पायवाट फांद्यांच्या ढिगाखाली. मी आणि माझी मैत्रीण ट्रॅक्टरच्या वाटेने तासभर गेलो. पुढे खूण येईलच असं प्रत्येक वळणावर वाटत राहिलं. पाचच्या सुमारास अंधारलं, टॉर्च एकच होता, आणि डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मैत्रिणीचा पाय मुरगळला होता. पहिल्या तीनशे पावलांत मागे फिरले असते तर पाच मिनिटांत वाट सापडली असती. तेव्हापासून मी खुणा रंगवते तेव्हा तोडायला आलेलं झाड आधी ओळखते आणि शेजारच्या दगडावर जादाची खूण करते. तरीही झाडं पडतात, वेली चढतात. म्हणून नुसत्या खुणांवर विसंबू नका.

नकाशा आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. जीआर वाटा रंगीत रेषेने ठळक केलेल्या असतात, आणि समोच्च रेषा असल्यामुळे ते शेवटचे चढ आधीच दिसतात. तोच नकाशा फोनवर, इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवा. क्यूरच्या खोऱ्यात काही ठिकाणी रेंज जाते. कागद तरीही जवळ असू द्या. चौघांनी एका नकाशाभोवती उभं राहून फाटा ठरवला की चुका कमी होतात, असा माझा अनुभव आहे. फोन एकाच्याच हातात असतो आणि बाकीचे तिघे मागे चालत राहतात.

बासिलिका मैलोगणती लांबून दिसते. दिशा कळायला ती उत्तम, पण तिचाच चकवाही लागतो. 'समोरच तर दिसतंय' म्हणत माणसं खुणा सोडून नाकासमोर निघतात. मग मध्ये विजेच्या तारेचं कुंपण, कुणाचा तरी द्राक्षमळा, नाहीतर नदी. क्यूरवर पूल ठरावीक गावांपाशीच आहेत. आणि शेतातून आडवं जायचं नसतं. मेमध्ये गहू-जव उभे असतात, बांधावरूनच चालायचं, हे तुम्हाला सांगायला नकोच. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' लिहिलेली पाटी म्हणजे खाजगी जागा. तिथे आत शिरल्यास २०२३ च्या कायद्यानुसार दंडही होऊ शकतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेली मोठी गोष्ट म्हणजे आदल्या आठवड्यातला पाऊस. वेझलेच्या आसपास चुनखडीचा दगड आहे. पाणी झिरपून जातं, वाटा लवकर कोरड्या होतात, द्राक्षंही त्याच उतारांवर लावलेली आहेत. दक्षिणेला मोर्व्हाँचा ग्रॅनाइट सुरू होतो. या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात चिकणमाती आहे, गुरांची कुरणं तिथेच आहेत. पाऊस झाला की त्या पट्ट्यातल्या वाटांचा असा रेंदा होतो, की एकेका बुटाला किलोभर माती चिकटते. तासाला तीनऐवजी दोन किलोमीटर होतात. म्हणून येण्याआधी चार दिवसांचा पाऊस बघा. फार झाला असेल तर चुनखडीच्या बाजूच्या फेऱ्या घ्या आणि दक्षिणेकडचा लांब पल्ला सोडा. ओल्या चुनखडीवर उतारात पाय सटकतो, तेव्हा आईबाबांसाठी काठ्या आणाच. उतारावर एक काठी असण्यापेक्षा दोन बऱ्या. बुटांचं म्हणाल तर तुम्ही सह्याद्रीत वापरता ते पुरेसे आहेत, नवे घेऊ नका.

इथवरचं एका दमात : खाली राहा, पिवळ्या खुणा धरा, खूण हरवली की मागे फिरा, पावसाचा अंदाज घेऊन दिशा ठरवा. आता पोटापाण्याचं, कारण माझे मराठी पाहुणे सर्वात जास्त तिथे अडकलेत.

आपल्याकडे कुठल्याही वाटेवर एखादं घर चहा देतं, पिठलं-भाकरी करून देतं. इथल्या वाड्या-वस्त्यांवर दुकानच नसतं. ज्या गावात असतं तिथेही दुपारी बारा ते दोनच्या आसपास ते बंद, आणि बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, बऱ्याच ठिकाणी सोमवारी. उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा ते दोन याच वेळात मिळतं. अडीच वाजता पोचलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं. तेव्हा सकाळी बेकरी उघडताच पाव घ्या, चीज, टोमॅटो, फळं आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा आणि शिदोरी पाठीवर घेऊनच निघा. वाटेत कॅफे उघडा दिसला तर आनंद, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मेमध्ये सुट्ट्याही फार : १ मे, ८ मे, मग बहुधा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंतकोत नावाच्या ख्रिस्ती सणाचा सोमवार. तुमच्या तारखा यांतल्या एखादीला लागून येत असतील तर खोल्या महिनाभर आधी भरतात.

पाणी माणशी दीड लिटर घेऊन निघा. संपलं तर गावाची दफनभूमी शोधा. ऐकायला विचित्र वाटेल, पण फ्रान्समधल्या प्रत्येक चालणाऱ्याला ही युक्ती ठाऊक असते. फुलांना पाणी घालण्यासाठी फाटकाजवळ नळ असतो आणि बहुधा तो गावच्याच पाणीपुरवठ्यावर असतो. नळावर 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. आत हळू बोला, फाटक लावून घ्या.

शाकाहाराबद्दल खोली घेतानाच लिहून कळवा, तिथे पोचून सांगू नका. शॉम्ब्र दोत, म्हणजे घरगुती खोल्या देणारी मंडळी, रात्री सगळ्यांना एकाच टेबलावर जेवू घालतात आणि बाजारहाट आधीच केलेला असतो. नुसतं 'आम्ही मांस खात नाही' एवढ्याने भागत नाही. सॅलडमधले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'लार्दों', अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत. म्हणून 'मांस नको, मासे नकोत, हॅम नको, लार्दों नको, मांसाचं सूप नको, अंडी आणि दूध चालेल' असं यादीसारखं लिहा. बर्गंडीचा अंड्यांचा प्रसिद्ध पदार्थ 'अ आँ म्यूरेत' नाव ऐकून मागवाल, तर तो रेड वाईनच्या रश्श्यात लार्दों घालून करतात. गुजेर मात्र मनसोक्त खा, चीज घातलेले हलके फुगीर गोळे असतात. जेवण सात-साडेसातला वाढतात. मेअखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चालायला वेळ भरपूर, पण त्या ताटासाठी सातच्या आत घरात असायला हवं.

पोचायचं असं : पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून आव्हालोंच्या दिशेच्या गाडीने सेर्मिझेल-वेझले स्टेशनवर उतरा, साधारण अडीच-तीन तास. नावात वेझले असलं तरी तिथून गाव दहा किलोमीटर आहे, आणि स्टेशनाबाहेर रिक्षा-टॅक्सी उभी नसते. आदल्या दिवशी फोन करून टॅक्सी ठरवा. रविवारी गाड्या कमी असतात, परतीचा दिवस निवडताना ते बघा.

आता दिवस. पहिल्या दिवशी छोटी फेरी, आठेक किलोमीटर. सां-पेरहून वेझलेवर चढा, बासिलिका बघा, उत्तरेच्या उतारावरून ला कोर्देलपाशी उतरून आस्कँ गावात जा आणि क्यूरच्या खोऱ्यातून सां-पेरला परत या. ला कोर्देलची वाट मला या सगळ्या परिसरात सर्वात प्रिय आहे. ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, क्लेर्व्होच्या मठाधिपती बेर्नारने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती याच उतारावर. गर्दी चर्चमध्ये मावेना म्हणून लोक उघड्यावर जमले होते. आज तिथे एक क्रूस, गवत आणि फ्रान्सिस्कन साधूंचं लहानसं देऊळ एवढंच आहे. त्या गवतात बसून आस्कँच्या छपरांकडे बघत पाणी प्या, घाई करू नका.

वेझलेच्या मुख्य रस्त्यावर एक घर मात्र चुकवू नका. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ १९३८ पासून ३० डिसेंबर १९४४ ला शेवटचा श्वास घेईपर्यंत इथे राहिले. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहून युरोपला त्यांची ओळख करून देणारे तेच हे रोलाँ. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी त्यांच्या स्वित्झर्लंडमधल्या घरी मुक्कामाला होते. वेझलेच्या घरात आता कलासमीक्षक झेर्व्होस यांचं कलासंग्रहालय आहे. तुमच्या बाबांना वाचनाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्यांच्यासाठी तिथे वेळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी प्येर-पेर्त्युई. सां-पेरहून नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला निघा. अर्ध्या तासात फोंतेन साले लागतं, खाऱ्या पाण्याचे झरे. तिथे ओकची खोडं पोकळ करून जमिनीत उतरवलेल्या, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्या आहेत. शेजारी रोमन काळातल्या स्नानगृहांचे अवशेष आहेत. समुद्रापासून इतक्या लांब मीठ मिळतं म्हणून माणसं इथे वसली. तिथून पुढे प्येर-पेर्त्युईला क्यूर अरुंद खडकाळ घळीत शिरते. खाली अठराव्या शतकातला कमानीचा जुना पूल, त्याच्या डोक्यावर कितीतरी उंचीवरून गेलेला नवा पूल, आणि जवळच आरपार भोक पडलेला खडक. जेवायला जुन्या पुलाजवळ बसा, पण अगदी पाण्याच्या काठावर नको. वरच्या अंगाला जलविद्युत धरणं आहेत आणि पाणी अचानक वाढू शकतं, तशा पिवळ्या पाट्या दिसतील. याच नदीतून मोर्व्हाँच्या जंगलातलं जळाऊ लाकूड शतकानुशतकं पॅरिसला वाहत नेलं जायचं. त्यासाठी पाणी अडवून सोडण्याची सवय या नदीला जुनी आहे.

परतीला फ्वासीच्या बाजूने पठारावरून या, किंवा आल्या वाटेनेच मागे फिरा. पूर्ण फेरी बारा ते पंधरा किलोमीटर होते, कोणता फाटा घेता त्यावर. आईबाबा दमले असतील तर आल्या वाटेने या. तो निर्णय प्येर-पेर्त्युईलाच घ्या, एकदा पठारावर चढल्यावर मागे फिरण्यात अर्थ उरत नाही. तुम्ही दोघं फेरी पूर्ण करून येणार आणि आईबाबा नदीकाठाने परतणार, असंही करता येईल. त्यांच्याकडे वेगळा नकाशा मात्र द्या.

तिसरा दिवस मी दोन प्रकारे ठेवीन. पाऊस झालेला नसेल आणि सगळे ताजेतवाने असतील तर बाझोश. सां-पेरहून दहा किलोमीटरच्या आसपास, एकाच दिशेने. परत आणायला टॅक्सी आधीच ठरवलेली हवी, वेळेसकट. बाझोश हे व्होबाँचं गाव. चौदाव्या लुईचा हा दुर्गरचनाकार १६३३ मध्ये जन्मला, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. महाराज रायगड बांधून घेत होते त्याच काळात हा माणूस फ्रान्सच्या सरहद्दीवर तारकाकृती किल्ले उभारत होता. १६७५ मध्ये त्याने बाझोशचा वाडा विकत घेतला, किल्ल्यांचे आराखडे इथल्या दालनात व्हायचे, आणि गावातल्या चर्चमध्येच त्याला पुरलंय. तोरणा-राजगड चालून आलेल्या माणसाने हे बघावं. डोंगर हाच तट मानणारे आपले किल्ले आणि सपाटीवर भूमितीने तट रचणारा व्होबाँ, हा फरक त्या दालनात उभं राहिलं की कळतो.

पाऊस झाला असेल तर बाझोश सोडा, मधला चिखलाचा पट्टा त्याच वाटेवर आहे. त्याऐवजी सां-पेरहून तारवाझोला चढा, परत या. अर्ध्या दिवसाचं काम. तिथल्या सज्जावरून क्यूरचं अख्खं खोरं आणि पलीकडे वेझलेची टेकडी समोरासमोर दिसते. वाटेत द्राक्षमळे लागतात. गेल्या शतकात इथले मळे जवळजवळ संपले होते, मग पुन्हा लावले गेले, आणि २०१७ पासून वेझले नावाच्या पांढऱ्या वाईनला स्वतःची नामांकित ओळख मिळाली आहे.

दोन गोष्टी राहिल्या. गोचीड : मे-जून हा तिचा मोसम, उंच गवतातून आणि पाणंदीतून अंगावर चढते, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटची टोकं मोज्यांत. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागची घडी, जांघा, केसांची कड बघा, आईबाबांनाही एकमेकांचं बघायला लावा. चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल काही लावू नका. औषधाच्या दुकानात छोटा आकडा मिळतो, त्याने न चिरडता फिरवून काढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा, पुण्यात परतला असाल तरी, आणि गोचीड फ्रान्समध्ये चावली हे सांगा.

दुसरी गोष्ट गुरं. शारोले जातीच्या मोठ्या पांढऱ्या गाई मेमध्ये वासरांसह कुरणात असतात. आपल्या गाईंइतक्या त्या माणसाळलेल्या नसतात. वाट कुरणातून जात असेल तर गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, कडेने वळसा घ्यायचा. उघडलेलं प्रत्येक फाटक लावायचं. तारेला हात लावून बघू नका, वीज बहुधा चालू असते. काही अपघात झालाच तर ११२ वर फोन करा.

तारखा अजून हलवता येत असतील तर एक विचार करून बघा. २१ जूनच्या आसपास दुपारी पावणेदोनच्या सुमारास, सूर्य डोक्यावर येतो तेव्हा, बासिलिकेच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांतून येणारे उजेडाचे तुकडे मधल्या दालनाच्या फरशीवर एका रेषेत पडतात, दारापासून वेदीपर्यंत. बाराव्या शतकातल्या बांधकामात हे साधलेलं आहे. गर्दी होते, पण शांत उभी असते. जूनमध्ये वाटाही मेपेक्षा कोरड्या मिळतात. ऊन वाढतं, त्यामुळे निघायची वेळ सातची ठेवावी लागेल. तारखा ठरल्या की मुक्कामाच्या गावासकट इथेच कळवा, त्या आठवड्यात कुठे लाकूडतोड चालू आहे आणि कुठली वाट वळवली आहे ते मी क्लबात विचारून सांगेन.